वंशावळ, भुसावळ

मे महिना, सेहेचाळीस अंश,
आणि आयोवाचा आमदार डेक्लन हॅनाफिन
माझ्या मोटरसायकलवर मागे,
दोन्ही हातांनी टोपी धरून.

प्रांत कचेरीतून फोन आला होता :
वायकोळे, तुम्ही माजी नगरसेवक, इंग्रजी बरं तुमचं,
पाहुण्याला गोऱ्यांचं कबरस्तान दाखवा.
माजी हा शब्द जरा जोरात होता.
अकरा मतांनी पडलेल्या माणसाकडे
असलीच कामं येतात.

रसवंतीवर बसून तो सांगत होता :
तिकडे बटाटे जमिनीतच सडले,
त्यातून वाचलेले दोन भाऊ पुढे निघाले.
थोरला पश्चिमेला, मक्याच्या मुलखात.
त्याचा मुलगा शेरीफ, नातू मेयर, पणतू न्यायाधीश.
आमच्या भागात, म्हणाला, आडनाव आयरिश असलं
की अर्धी निवडणूक झालीच.
मी म्हटलं, आमच्याकडे आडनावावर अख्खी होते.
तो हसला. रसाचा दुसरा ग्लास मागितला.

धाकटा पूर्वेला. त्याचं एकच पत्र घरात :
इथे इंजिनं आहेत, ऊन आहे,
आणि पगार महिन्याच्या महिन्याला.
खाली गावाचं नाव,
जे उच्चारताना पाहुणा
दर वेळी वेगळ्याच गावी पोचायचा.

दोन तास बाभळीचे काटे काढत दगड वाचले.
कॉलरा. कॉलरा. बॉयलर फुटून. कॉलरा.
हॅनाफिन कुठेच नाही.

रज्जाक पिंजारी तिथला राखणदार,
इतका वेळ कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसलेला.
कोन पाह्यजे? हनीफबाबा?
ते इथं नाही, भो. भिंतीच्या त्या अंगाला.

जुन्या लोको शेडला लागून
हिरवी चादर, सुकलेले गुलाब, अगरबत्तीची राख.
रज्जाकने चादरीचा कोपरा उचलला.
दगड अर्धा फुटलेला.
एच, ए, एन, ए, एफ.
पुढचं कुणी नेलं, की पावसानेच खाल्लं.

बाबा गाडी टायमात आनतो, रज्जाक म्हणाला.
ड्यूटीवर जाताना डायवर लोक थांबतात,
सगळेच थांबतात.

डेक्लन गुडघ्यांवर बसला.
चेहरा उन्हाने आधीच लाल, आता डोळेही.
मग त्याने मोबाइल काढला
आणि हात तसाच थांबला.
जूनमध्ये पक्षाची उमेदवारी ठरायची होती.
हिरवा तर आमचाही रंग, तो पुटपुटला,
पण हा हिरवा नाही.

ते थांबणं मी ओळखलं.
वॉर्ड एकोणीस, माझं पत्रक, गुळगुळीत कागद :
भूमिपुत्र, सात पिढ्यांचं घराणं.
पणजी तडव्यांची, सातपुड्यातून उतरलेली,
तिला मी त्या सात पिढ्यांत
कुठेच बसवलं नाही.
तडव्यांची चार घरं होती त्या वॉर्डात.
हिशेब मी नंतर केला.

किती लोक येतात इथे, त्याने विचारलं.
दर गुरुवारी दोनशे, मी रज्जाकला विचारून सांगितलं.
माझ्या सभेला, तो म्हणाला, साठ येतात,
त्यात वीस जण माझ्याच घरचे.

शेवटी त्याने चादर बाजूला सारली,
नुसत्या दगडाचा फोटो घेतला, एकच,
आणि चादर परत घातली, उलटी.
रज्जाक काही बोलला नाही.
त्याने ती सुलटी केली, कोपरे ओढले,
आणि मग मला हळूच विचारलं :
हा कोन लागतो बाबाचा?

नात्यातला आहे, मी म्हटलं.

मंग उठवून का राह्यले त्याले, तो म्हणाला,
बसू द्या ना.
गाडीले टाइम आहे अजून.